जिंकून घरी येणारा माणूस

चित्रपट संपला, आणि तो संपला आहे हे आमच्या घरात कोणालाच कळले नाही. पडद्यावर एक पुरुष आणि एक स्त्री समोरासमोर उभे होते, पुरुषाने मनातले सांगून टाकले होते, स्त्रीचे काही ठरत नव्हते, आणि नेमक्या त्याच क्षणी चित्र जागच्या जागी थिजले. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून शेवटची दहा मिनिटे पाहणाऱ्या आमच्या सौभाग्यवतींनी विचारले, "नेट गेलं काय ओ?" मीही उठून राउटरचे दिवे तपासले. दिवे सगळे हिरवे होते. परत येऊन पाहतो तो चित्रपट आटोपलेला होता.

'विनिंग' हा १९६९ सालचा अमेरिकन चित्रपट. दिग्दर्शक जेम्स गोल्डस्टोन, नायक पॉल न्यूमन, नायिका जोअ‍ॅन वुडवर्ड आणि नायकाचा प्रतिस्पर्धी रॉबर्ट वॅग्नर. मोटारशर्यतींवरचा चित्रपट म्हणूनच त्याची ओळख सांगितली जाते, आणि पन्नास वर्षांपूर्वी मीही तो तसाच समजून पाहिला होता. गेल्या महिन्यात मुलाने तो दूरचित्रवाणी संचावर लावून दिला, तेव्हा आपण त्या वेळी निम्माच चित्रपट पाहून घरी आलो होतो, असे माझ्या लक्षात आले.

त्या वेळी मी आयटीआयमध्ये टर्नरच्या अभ्यासक्रमाला होतो. बेळगावात इंग्रजी चित्रपट पाहायचा तर कॅम्पाकडे जावे लागे आणि रविवारी सकाळच्या खेळाला निम्मे प्रेक्षक मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रातले जवान असत. इंग्रजी चित्रपट आमच्यापर्यंत पोहोचेतो जुने झालेले असत; फिती झिजलेल्या, मधले काही तुकडे गायब, आणि संवाद तर आम्हा मराठी-कन्नड माध्यमाच्या पोरांना दहातले दोन कळत. त्यामुळे मोटारी धावू लागल्या की आम्ही खुर्चीच्या कडेला येऊन बसायचो, आणि नायक-नायिका बोलू लागले की दोघे-तिघे विडी ओढायला बाहेर पडायचे. आमच्यात चिकोडीकडचा एक जण होता, ज्याच्या घरी शर्यतीची बैलजोडी होती. मध्यंतरात तो अगदी गंभीरपणे म्हणाला, "आरं, ही तर नुस्ती गोल फिरत्यात की! जायाचं कुठं हाय त्यास्नी?" त्याच्याकडच्या यात्रेत गाड्या रस्त्याने दूर जाऊन वळसा घालून परत येत आणि त्याच्या दृष्टीने शर्यत म्हणजे तीच. आम्ही त्याला हसलो होतो. पण चित्रपटाच्या नायकालाही अखेरीस हाच प्रश्न पडतो, हे तेव्हा आमच्या गावीही नव्हते.

गोल फिरण्याबद्दल त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते. चित्रपटातली मुख्य शर्यत होते ती अमेरिकेतल्या इंडियानापोलिसला, पाचशे मैलांची, आणि तिथला मार्ग अडीच मैलांचा आहे. दोन लांब सरळ पट्टे, दोन आखूड पट्टे आणि चार वळणे, ती चारही डावीकडे. पाचशे मैल पुरे करायला त्याच वाटेवरून दोनशे फेऱ्या माराव्या लागतात. तीन-तीनच्या अकरा रांगांत धावत येणाऱ्या तेहतीस मोटारी आरंभरेषेवरून एकदम सुटतात. हा मार्ग १९०९ साली बांधला गेला आणि त्याच वर्षी त्यावर लक्षावधी विटा घातल्या गेल्या. पुढे त्यांवर डांबर आले, तरी आरंभरेषेवर एक वार रुंदीची विटांची पट्टी आजही तशीच ठेवलेली आहे.

चित्रपटातली शर्यत बरीचशी १९६८ च्या खऱ्या शर्यतीत टिपलेली आहे, आणि पहिल्याच फेरीत जो भीषण अपघात दिसतो तो १९६६ च्या शर्यतीतला, तोही खराच. आरंभरेषा ओलांडताच मोटारी एकमेकींवर आदळल्या, चाके हवेत उडाली आणि अकरा मोटारी पहिली फेरी पुरी होण्याआधीच बाद झाल्या. एवढ्या मोडतोडीत एकही जीव गेला नाही. जखम झाली ती ए. जे. फॉइट या नामांकित चालकाच्या हाताला, आणि तीही मोटारीत नव्हे, तर तिच्यातून बाहेर पडून संरक्षक जाळीवर चढताना. सतराव्या वर्षी मी तो अपघात पाहून शिट्टी मारली होती. या वेळी मात्र माझे लक्ष उडालेल्या चाकांपेक्षा त्या जाळीकडे धावत सुटलेल्या माणसांकडे गेले.

१९६८ च्या शर्यतीविषयी थोडे विषयांतर करतो, कारण माझे उभे आयुष्य बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर गेले आहे आणि इंजिनाचा विषय निघाला की मला राहवत नाही. त्या वर्षी टर्बाइनवर, म्हणजे तप्त वायूच्या झोताने पाती फिरवणाऱ्या इंजिनावर, चालणाऱ्या मोटारी सगळ्यांना मागे टाकतील असे वाटत होते, आणि त्यांतली एक, जो लेनर्डची, अखेरच्या नऊ फेऱ्या उरल्या असताना आघाडीवर असतानाच बंद पडली. जिंकला बॉबी अन्सर, ऑफेनहाउझर इंजिनावर. हे इंजिन अवघे चार सिलिंडरांचे आणि तेव्हाही जुनाट समजले जाणारे, पण त्याला टर्बोचार्जर, म्हणजे सिलिंडरांत जादा हवा दाबून भरणारा पंखा, जोडलेला होता. त्याची खुबी ओतकामात आहे. आपल्या नेहमीच्या इंजिनात ब्लॉक, म्हणजे सिलिंडरांचा ठोकळा, वेगळा, त्यावरचे झाकण, म्हणजे हेड, वेगळे, आणि त्या दोहोंच्या मध्ये सांधा बंद ठेवणारी पातळ गॅस्केट. दाब वाढला की पहिला फुटतो तो हाच सांधा. ऑफेनहाउझरमध्ये ब्लॉक आणि हेड एकाच ओतीव तुकड्याचे, म्हणून गॅस्केट उडण्याची भीतीच नाही, आणि म्हणून टर्बोचा वाढीव दाब ते निमूट सोसते. बेळगावच्या फाउंड्रीतला कोणताही मोल्डर हे वाचून मान डोलवील आणि लगेच विचारील की, मग आतली व्हॉल्व्हची बैठक कापली कशी. मी हे सारे सौभाग्यवतींना समजावून सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, "लग्नात तेवढं एका तुकड्याचं ओतून मिळत नाही." मी इंजिनाचा विषय तिथेच थांबवला.

आता कथेकडे येतो. फ्रँक कपुआ हा नावाजलेला चालक एक शर्यत जिंकतो आणि विजयाचा जल्लोष चालू असताना त्याची गाठ इलोरा नावाच्या घटस्फोटित स्त्रीशी पडते. ती भाड्याने मोटारी देणाऱ्या एका कार्यालयात काउंटरवर काम करते. या योगायोगाचे मला मोठे अप्रूप वाटले: ज्याचा जीव एकेका मोटारीत गुंतलेला, त्याला अशी स्त्री भेटावी, जिच्या लेखी मोटार म्हणजे किल्ली, कागद आणि सही. तिला किशोरवयीन मुलगा आहे, चार्ली. थोड्याच दिवसांत लग्न होते, आणि फ्रँकचे त्या मुलाशी चांगले जमते. पोरगा त्याच्या मोटारींच्या कामात हाताशी राहू लागतो. आमच्याकडे मुलगा असलेल्या स्त्रीशी लग्न करणारा पुरुष पडद्यावर आला की एक तर तो देवमाणूस असतो, नाही तर त्या मुलाचा वैरी. इथे तो दोन्ही नाही. मुलाला काम शिकवावे, त्याच्या हाती पाना द्यावा, आणि त्यातून जे नाते होईल ते होऊ द्यावे, एवढेच तो करतो. कारखान्यात मी बरीच पोरे शिकवून तयार केली, आणि पोर आपले होते ते असेच.

पण नवरा म्हणून फ्रँक कच्चा आहे. त्याला दारूचे व्यसन नाही, तो बाहेरख्याली नाही, हात उगारणाराही नाही. तो फक्त कामात असतो. मोटारीत काही जमत नसले म्हणजे ती जमेपर्यंत त्याला दुसरे काही दिसत नाही, आणि ती जमली की पुढची शर्यत आलेली असते. इलोरा एकटी पडते आणि त्या एकटेपणात ती ल्यूथर अर्डिंगच्या जवळ जाते, म्हणजे फ्रँकच्या मैदानातल्या सर्वांत मोठ्या प्रतिस्पर्ध्याच्या. फ्रँक त्या दोघांना एकत्र पाहतो आणि निघून जातो. संसार मोडतो, पण चार्लीचे फ्रँककडे येणे-जाणे चालूच राहते. उलट आईशीच त्याचे बिनसते.

इथे चित्रपटाबद्दल माझी तक्रार आहे. शर्यतीला दिग्दर्शकाने जितकी फीत दिली, तितकी इलोराच्या एकटेपणाला दिलेली नाही. तिची बाजू लेखणीने थोडक्यात उरकली आणि बाकीचा भार जोअ‍ॅन वुडवर्डच्या चेहऱ्यावर टाकून दिला. तिने तो पेलला, ही गोष्ट वेगळी. वुडवर्ड त्या काळच्या नायिकांसारखी नटवी नाही. ती काउंटरवर काम करणारी बाई वाटते, दिवसभर उभे राहून पाय दुखलेली, आणि समोरच्या प्रसिद्ध माणसाच्या हसण्याने पटकन विरघळायचे नाही असे ठरवून बसलेली. रॉबर्ट वॅग्नरचा ल्यूथर मात्र देखणा आणि पोकळ आहे. इलोराला त्याच्यात काय दिसले हे कळत नाही. कदाचित त्याच्या हाती वेळ होता, एवढेच दिसले असेल.

एक गोष्ट मात्र मला मानावी लागली. इलोराला चित्रपट शिक्षा देत नाही. त्या काळात, आणि आपल्याकडे तर त्यानंतरही कित्येक वर्षे, अशी चूक करणाऱ्या स्त्रीला शेवटच्या रिळात आजार तरी होई, अपघात तरी, नाही तर पायांवर लोटांगण तरी घालावे लागे. इथे तसे काही नाही. उलट तिच्या दारात यावे लागते ते फ्रँकला. इंडियानापोलिसला ल्यूथरचे इंजिन उडते, फ्रँक झकास गाडी हाकून शर्यत जिंकतो, विजयाची मेजवानी होते, देखण्या बायका त्याच्याभोवती जमतात, आणि तो त्या सगळ्यांतून कंटाळून निसटतो. ल्यूथर त्याला गाठून माफी मागतो, तर फ्रँक त्याला एक ठोसा लगावतो. त्या रविवारी चित्रपटगृह इथे दणाणले होते, आणि परवा आमच्या घरीही हशा झाला. मग तो इलोराकडे जातो आणि सांगतो की त्याला पुन्हा सुरुवात करायची आहे. ती बुचकळ्यात पडते. दोघे एकमेकांकडे पाहतात, आणि चित्र थांबते.

न्यूमन आणि वुडवर्ड खऱ्या आयुष्यात नवरा-बायको होते, आणि हे ठाऊक असले की शेवटचा क्षण आणखीच विचित्र वाटतो. त्यांचे लग्न १९५८ साली झालेले; म्हणजे चित्रपट आला तेव्हा त्यांच्या संसाराला अकरा वर्षे होऊन गेली होती. चित्रपटाच्या आदल्याच वर्षी न्यूमनने दिग्दर्शक म्हणून आपला पहिला मोठा चित्रपट केला होता, आणि त्यात मुख्य भूमिका बायकोलाच दिली होती. 'विनिंग'साठी तो वेगाने मोटार चालवण्याचे रीतसर शिक्षण घ्यायला गेला, बरीच वेगवान दृश्ये त्याने स्वतःच चालवून दिली, आणि तिथे त्याला मोटारींचा जो नाद लागला तो लागलाच. चाळिशी उलटलेला, जगभर नावाजलेला नट शिकाऊ म्हणून गाडीत बसला आणि १९७२ पासून खऱ्या शर्यतीत उतरू लागला. १९७९ साली फ्रान्समधल्या ल माँ इथल्या चोवीस तासांच्या शर्यतीत त्याची पोर्शे दुसरी आली. तेव्हा तो चौपन्न वर्षांचा होता. पुढे १९८३ साली त्याने कार्ल हास याच्यासह स्वतःचा संघ काढला, पुढच्याच वर्षी त्या संघाकडून मारिओ आंद्रेत्ती हा चालक वर्षभराच्या शर्यतमालिकेचा विजेता ठरला, आणि १९९५ साली, वयाच्या सत्तराव्या वर्षी, न्यूमन अमेरिकेतल्या डेटोना इथल्या चोवीस तासांच्या शर्यतीत आपल्या गटात विजयी झालेल्या संघाचा एक चालक होता.

म्हणजे पडद्यावर ज्या नादापायी संसार मोडतो, तोच नाद या माणसाने चित्रपटातून घरी आणला. आणि त्याचा संसार मोडला नाही. २००८ साली तो वारला तोवर ते दोघे पन्नास वर्षे एकत्र होते. त्यांच्या घरी हे कसे जमले, कोण किती वाट पाहत बसले, हे त्यांचे त्यांना ठाऊक. पण इलोराचे काम करताना वुडवर्डने जे चेहऱ्यावर आणले, त्याचा उपयोग तिला पुढे घरीही झाला असेल, असा एक खट्याळ विचार माझ्या मनात येऊन गेला.

चित्रपट संपल्यावर मी संच बंद करत होतो, तेव्हा सौभाग्यवतींनी विचारले, "शेवटी काय म्हणाला तो तिला?" मी सांगितले, "पुन्हा सुरुवात करू या म्हणतोय." त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "जिंकल्यावर आला म्हणायचा. हरला असता तर आला असता काय?"

या प्रश्नाचे उत्तर चित्रपटात नाही, आणि मला ते शोधायचे होते म्हणूनच हे लिहायला बसलो आहे. मी त्यांना तिथल्या तिथे वकिलासारखी बाजू मांडून दाखवली: जिंकल्यावरही रिकामेपण उरते हे त्याला जिंकल्याशिवाय कसे कळणार, हरला असता तर पुढच्या वर्षीच्या शर्यतीच्या मागे लागला असता, म्हणून त्याचे जिंकणे हेच इलोराच्या हिताचे होते. माझे मलाच हे पटत होते. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "खानापूर आठवतं काय?"

आठवायचे काय, मी ते कधी विसरलोच नाही. १९८९ साली खानापूरला त्यांच्या धाकट्या भावाचे लग्न होते. त्या दोन दिवस आधीच मुलाला घेऊन पुढे गेल्या होत्या, आणि मी लग्नाच्या सकाळी येणार असे ठरलेले होते. आदल्या दिवशी बाहेरगावच्या एका कारखान्याकडून शाफ्टचा पूर्ण लॉट परत आला. बेअरिंग बसते त्या जागेचा व्यास दोन शतांश मिलिमीटर जास्त, म्हणून तपासणीत नापास. माझ्याकडे तेव्हा दोन लेथ, एक भाड्याने घेतलेला ग्राइंडर, आणि बँकेचा हप्ता तोंडावर. रात्री वीज गेली ती दोन वाजता आली. माझा मिस्त्री बैलहोंगलकडचा, कन्नडखेरीज दुसरी भाषा न बोलणारा. तो मला सकाळी तीनदा म्हणाला की साहेब तुम्ही जा, उरलेले मी पाहतो. मी गेलो नाही. एकेक शाफ्ट मायक्रोमीटर लावून स्वतः पाहिला, टेंपोत भरून दिला, तपासणीवाल्याची सही घेतली आणि मग स्कूटर खानापूरच्या रस्त्याला लावली.

पोहोचलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या, वाजंत्रीवाले जेवून उठले होते, आणि मांडवात शेवटच्या पंगतीची पाने मांडत होते. ही वाढायला उभी होती, हातात भाताचे पातेले. मला पाहून तिने ते खाली ठेवले. आणि मी, ज्याला त्या वेळी निदान दहा गोष्टी बोलता आल्या असत्या, पहिले वाक्य बोललो ते असे: "लॉट पास झाला."

एवढे आठवून झाल्यावर मी म्हणालो, "पण आलो होतो की मी."

"आलात की," त्या म्हणाल्या. "पास झाल्यावर."

मग त्यांनी मला तो चित्रपट पुन्हा सुरुवातीपासून लावायला सांगितला, कारण त्या काउंटरवरच्या बाईला त्यांनी धड पाहिलेच नव्हते. मी लावला. पहिल्या शर्यतीच्या वेळी त्या उठून दूध तापवायला गेल्या, आणि आतूनच म्हणाल्या, "ती आली की सांगा."